भागाबाईच्या पट्ट्यातलं पाणकणीस

जीवरामनानांना गावात सगळे मानत, आणि कशासाठी मानत हे मला पहिले सहा महिने कळलंच नाही. मी धुळ्याहून बदलून आलेला शाळामास्तर. गाव अमळनेरच्या पलीकडे, तापीकाठी. नाना चटया विणत, छपरं शाकारत, आणि कुणाशी फारसं बोलत नसत. पण गणपती उठले, पूर ओसरला, की पाटलासकट सगळं गाव त्यांच्या मागे निमूट चालायचं.

तापीनं कधीकाळी टाकून दिलेलं एक वळण गावाच्या उत्तरेला होतं. त्याला डाबर म्हणत. पावसाळ्यात तिथं पूर शिरायचा, जाताना गाळ ठेवून जायचा, आणि त्या गाळात लोक हरभरा पेरायचे. कुठं पेरायचा हे नाना नुसत्या झाडोऱ्यावरून सांगत. मध्ये पाण्यात कमळ आणि शिंगाडा. त्याच्या कडेनं पुरुषभर उंच पाणकणीस. तिथं दाणा टाकला की कुजलाच. त्याबाहेर लव्हाळा, तिथं दिवाळीपर्यंत थांबायचं. लव्हाळा सरून हरळी लागली की खुशाल पेरा. नाना प्रत्येकाच्या पट्ट्यात देवनळाची एक काडी रोवत, आणि काडीच्या खाली पाण्याकडे कुणी मूठभरही पेरत नसे. मला तर लव्हाळा कुठला आणि मोथा कुठला हे आजही धड सांगता येत नाही, त्यामुळे मी नुसती मान डोलवायचो.

चौतीस साली मात्र नानाच गोंधळले. भागाबाईचा पट्टा डाबराच्या अगदी वरच्या अंगाला. बाई विधवा, घरात दोन लेकी, आणि रब्बीला एवढाच एक तुकडा. दरसाल तो काडीच्या वरच असायचा. त्या आश्विनात तिथं वीतभर पाणकणीस दाट उगवलेलं होतं. खाली लव्हाळा, वर हरळी, आणि मधेच हे. नाना थबकले. पाय दाबून पाहिला, पुन्हा पाहिला.

"आठे कसं काय उनं हे?" ते स्वतःशीच म्हणाले.

पाय म्हणत होता जमीन घट्ट आहे. पाणकणीस म्हणत होतं खाली पाणी आहे. नाना तीन दिवस तिथं जाऊन बसले. पाटील म्हणाले, नदी पुन्हा जुन्या वाटेनं यायला बघत असेल. मी म्हणालो, झरा फुटला असेल. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मास्तर म्हटल्यावर काहीतरी बोलावं लागतं. चौथ्या दिवशी नानांनी भागाबाईच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला काडी रोवली.

"भागा, औंदा पेरू नको. बी कुजी जाई."

"बरं, नाना," ती म्हणाली. पाटील होते, मी होतो, अर्धं गाव होतं. ती पदर सावरून घरी गेली.

मार्गशीर्षात सगळीकडे हरभरा घाट्यावर आला आणि भागाबाईच्या पट्ट्यातलं पाणकणीस पिवळं पडून वाळायला लागलं. नाना मला शाळेतून ओढूनच घेऊन गेले. थंडीत पाणकणीस वाळतं कसं? पाणी असेल तर वाळायला नको, पाणी नसेल तर उगवायलाच नको होतं. त्यांनी एक रोप उपटलं. खाली जाड कंद असायला हवा होता. तिथं बोटभर केसाळ मुळं होती, बस्स. ते वेड्यासारखी रोपं उपटत सुटले. मग गाळ खरवडला. खाली पेंढी बांधायचा अंबाडीचा कुजका बंद निघाला, त्याला दुहेरी गाठ, आणि गाठीत चिरडलेलं पाणकणसाचं बोंड.

ती गाठ गावात एकच माणूस मारायचा. चैत्रात शाकारणीसाठी कापलेल्या पाणकणसाच्या पेंढ्या नानांनीच तिथं रचल्या होत्या, उंच आणि कोरडी जागा म्हणून. बोंडं फुटली, कापूस उडाला, पुराच्या ओल्या गाळात बी रुजलं. खाली पाणी नव्हतंच.

नाना तो बंद हातात घेऊन उठले. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. दोन्ही एकदम कसं येतं कोण जाणे. "मास्तर, मनासंगे चला," ते म्हणाले. एकट्यानं जायची त्यांची छाती नव्हती.

भागाबाई दोन्ही लेकींना घेऊन दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला निघाली होती. नानांनी काही न लपवता सांगितलं. पेंढ्या माझ्या, चूक माझी, तुझा हंगाम मी बुडवला.

"माले ठाऊक व्हतं, नाना," ती म्हणाली. "तुम्हीन काडी रोवाना आदलेच दिवस मी खुरपी लिसन खंदी पाह्यं. खाल पानी नव्हतं."

नानांचा चेहरा पडला. "मंग बोलनी का नही?"

"तुम्हीन तीन दिन बठ्ठासले इचारं. पाटीलले इचारं, मास्तरले इचारं. पट्टा कोना शे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चारही दिवशी मी तिथं होतो, झऱ्याच्या गप्पा मारत होतो, आणि ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती.