साडूचं थरथरणारं स्टिअरिंग

नुसत्या अंगठ्यांनी व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला माणसात न धरणारा यवतमाळ जिल्ह्यात एकच इसम आहे, आणि तो नेमका माझा धाकटा साडू आहे. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो यंत्रांच्या मोटारी दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खातो. माझं म्हणणं साधं. खेळ चांगला असला तर दोन बटणं पुरतात. वाईट असला तर वरची सगळी उपकरणं म्हणजे नुसती सोंगं. त्यावर तो म्हणतो, "भाऊ, तुमी भजे बी फोटोतच खात असान."

हवेत फिरवायचा रिमोट आणला तेव्हा पहिल्याच षटकाराला त्याने घरातली ट्यूबलाइट फोडली, आणि वर मलाच फोन, "काय मजा आली भाऊ." मग डोळ्यांवर बांधायचा तो डबा आला. तो लावून कड्यावर चढलेला हा वीर प्रत्यक्षात दिवाणावर पालथा पडून उशीला लोंबकळत होता. मोटारसायकलच्या शर्यतीत वारा लागावा म्हणून समोर टेबलफॅन, आणि पडद्यावर पाऊस आला की बायकोने तोंडावर पाणी शिंपडायचं. माझी मेहुणी एकदाच म्हणाली, "पुढल्या टायमाले बादलीच ओतीन." तेव्हापासून त्याच्या खेळात कायम ऊन असतं.

गेल्या दिवाळीत मात्र त्याने थरथरणारं स्टिअरिंग आणलं ते वडिलांसाठी. ते एसटीचे ड्रायव्हर होते. अर्धांगाच्या झटक्यातून पाय सावरला, बोलणं तुटक झालं, पण उजवा हात मांडीवरून हलेना. व्यायामाचा रबरी चेंडू त्यांनी भिरकावून दिला होता. "हात असाच राह्यला तर लाकूड होईन, भाऊ," साडू म्हणाला. तो घाबरलेला मी प्रथमच पाहत होतो. तरी मी चिडून म्हणालोच, "खेळण्याने कुठे हात सुधारतो होय रे?"

वडिलांनी डावा हात स्टिअरिंगला लावून कपाळाला टेकवला. पडद्यावर हिरवा दिवा लागला, सगळ्या गाड्या सुसाट गेल्या, यांची जागच्या जागी. "बाबा, दाबा ना पेडल." म्हातारा ढिम्म. मग सावकाश शब्द आले, "घंटी... कोन देईन?"

कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय या माणसाने जन्मात गाडी हलवली नव्हती. मी, होय, मीच, देवघरातली घंटी उचलली आणि टणटण वाजवली. गाडी निघाली. पुढे खडबडीत रस्ता आला, स्टिअरिंग गदागदा हलायला लागलं, एका हाताला आवरेना, आणि मांडीवरचा उजवा हात वर आला. बोटं नीट मिटली नाहीत, पण चाकावर टेकली. साडू लहान पोरासारखा नाचत होता. मी डोळे पुसत हार मान्य केली. शर्यतीत बाबा शेवटून पहिले आले.

आता दिग्रसला गेलो की घंटी माझ्याकडेच असते. शर्यत संपते, पडदा काळा होतो, तरी बाबा दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसतात. थांबायची एक घंटी कंडक्टरने द्यायची असते. साडू माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे, आणि ती एक घंटी द्यायला माझा हात काही उचलत नाही.