पंप कुठं धुतला

दुकानात फवारणीचा पंप आला की चाचा आधी पंपाच्या मालकाकडे बघायचे नाहीत. टाकीचं झाकण फिरवून काढायचे, तोंडावरची प्लॅस्टिकची जाळी उपसायचे आणि डाव्या तळहातावर दोनदा आपटायचे. हातावर पडलेला कचरा बोटानं पसरून बघायचे आणि मग मान वर करून विचारायचे, "बोला पावणं, काय झालंय?" तोवर काय झालंय ते त्यांना कळलेलं असायचं. मालक जे सांगेल ते निमूट ऐकून घ्यायचे. तो गेला की जाळी माझ्यापुढं धरून म्हणायचे, "मालक इसरतोय. जाळी सांगती."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चपला शिवणारा एखादा झिजलेली टाच बघून माणसाची चाल सांगतो, त्यातलेच हे. गगनबावड्याच्या स्टँडजवळ पत्र्याचं शेड, त्यावर 'पंप रिपेअरी' एवढाच फलक. सगळा तालुका त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. तीस वर्षं आसपासच्या वाड्यांचे पंप त्यांच्या हाताखालून गेले होते.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. कसबा बावड्यातल्या एका लहानशा ऑफिसात बसून मी तालुक्याचा नकाशा रंगवत होते. कुठं कोणतं पीक आहे ते उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखायचं, त्या पिकावर शेतकरी कोणतं औषध मारण्याची शक्यता आहे ते बघायचं आणि त्याप्रमाणे रंग भरायचा. ऊस गडद, भात फिका, नाचणी त्याहून फिकी. त्यावर दुर्मिळ प्राण्यांच्या जागा मांडायच्या. दोन्ही जिथं एकावर एक येतील, तिथं त्या प्राण्यांसाठी काहीतरी उपाय करायचा. दीड वर्ष खपून केलेला तो नकाशा मला फार सुंदर वाटायचा, हे कबूल करते.

त्या प्राण्यांत एक बेडूक होता. अंगठ्याच्या पेराएवढा, दगडाच्या रंगाचा, दिसायला काही खास नाही. पण घाटमाथ्यावरचे मोजके ओढे सोडले तर जगात दुसरीकडे कुठंही नाही. आमच्या तालुक्यात तो एकाच ओढ्यात उरला होता. हा ओढा सड्याच्या कडेला उगम पावून सरळ कोकणात कोसळतो. या बेडकाची पिल्लं पाण्यानं भिजलेल्या दगडाला चिकटून वाढतात. त्या वर्षी आम्ही गुडघे सोलून घेतले, तरी एक पिल्लू सापडलं नाही. मोठे बेडूक तेवढे चार दिसले. आणि माझ्या नकाशात तिथं रंगच नव्हता. सडा म्हणजे उघडा जांभा दगड. शेत नाही, म्हणून औषध नाही, म्हणून जागा पांढरी. पंधरा दिवसांनी तालुक्याच्या बैठकीत नकाशा कायम व्हायचा होता. त्यानंतर पांढऱ्या जागेकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं, आणि ते चार बेडूक गेले की विषय संपला असता.

चाचांकडे मी गेले ते कुठल्या वाडीत कोणतं औषध मारतात याचा एक फॉर्म भरून घ्यायला. त्यांनी मला पालथ्या टाकीवर बसवलं, चहा मागवला. मी मोठ्या तोऱ्यात नकाशा पसरला. त्यांनी कापडाला हात पुसले, पण कागदाला बोट लावलं नाही. बराच वेळ वाकून बघितल्यावर म्हणाले, "म्याडम, शेतं झ्याक दावलीसा. पर पंप कुठं धुत्यात, ते कुठं हाय?"

मी म्हटलं, त्याची नोंद कोण ठेवणार? त्यावर ते उठले आणि फळीवर ओळीनं मांडलेल्या तंबाखूच्या जुन्या डब्यांतल्या दोन घेऊन आले. एकीत काळसर मऊ गाळ होता, भातखाचरांतला. दुसरीत लाल, खरखरीत वाळू. सड्याच्या खाली एक वाडी आहे, तिथून येणाऱ्या पंपांच्या जाळीत ही लाल वाळू सापडते, असं त्यांनी सांगितलं. वाडीची शेतं सगळी खाली, काळ्या मातीत. मग पंपात वरची, सड्यावरची वाळू कशी, हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षं पडला होता. कुणी विचारलं नाही म्हणून ते बोलले नव्हते.

मला आधी राग आला. दीड वर्षाचं काम एका डबीपुढं फिकं पडलं की येणारच. राग ओसरला तसं लक्षात आलं. औषध शेतात मारतात, पण पंप जिथं धुतात तिथंच उरलंसुरलं विष पाण्यात जातं. शेतावर रंग भरत बसलेल्या मला हे सुचलंच नव्हतं.

मी लगेच त्या पंपांच्या मालकांची नावं मागितली. चाचांनी डबीचं झाकण लावलं. "लोक पंप माज्या भरवशावर सोडून जात्यात, नाव निघायचं न्हाय," म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्या शेडमध्ये ठाण मांडून बसले, बेडूक मरेल म्हणून सांगितलं, शेवटी भांडलेसुद्धा. माणूस ढिम्म. मात्र बेडकाची चौकशी चालूच होती. चावतो का, खातो काय, उन्हाळ्यात जातो कुठं? त्याला ते 'तुमचं लेकरू' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी मी तणतणत निघाले तेव्हा मागून म्हणाले, "लेकरूबी जगलं पायजे आन गिऱ्हाईकबी. जरा दम धरा की."

बैठक नेमकी बाजाराच्या दिवशी आली. त्या दिवशी चाचांचं शेड बंद होतं. असं आजवर कधी झालं नव्हतं, असं शेजारच्या वडेवाल्यानं मला मागाहून सांगितलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चाचा सभागृहात शेवटच्या रांगेत बसले होते.

मी उठून सांगितलं की ओढ्याची पांढरी जागा चुकीची असावी, तिथं औषध पोचतंय. सड्याखालच्या त्या वाडीतले जुने शेतकरी तात्या समोरच बसले होते. दगडावर कोण औषध मारतंय, असं त्यांनी विचारलं आणि सगळे हसले. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पुरावा मागितला. माझ्याकडे कागद भरपूर होते, पुरावा नव्हता.

तेव्हा चाचा उठले. पुढं येऊन त्यांनी अधिकाऱ्यांच्या टेबलावर एक कोरा कागद ठेवला आणि त्यावर डबी पालथी केली. लाल वाळूचा ढीग पडला.

"ही वाळू पंपाच्या जाळीतली. म्या कुनाचं नाव घ्येनार न्हाय," ते म्हणाले. "फकस्त पंप कुठं धुतला, एवढंच इचारतो."

तात्यांनी वाळू चिमटीत धरून बघितली. सड्यावरची वाळू त्यांना काय नवी होती? मग ते बसल्या जागीच म्हणाले, "आमीच धुतो. हिरीवर पंप धुवायचा न्हाय, गुरं पित्यात तिथं धुवायचा न्हाय, असं वडलांपासनं हाय. त्या वड्याचं पाणी खाली कोकणात जातंय, आमच्यातलं कोन पीत न्हाय. म्हनून तेवढं चढून जातो. आमचं चुकलं कुठं?"

पाठीवर पंप घेऊन अर्धा तास चढ चढणारी माणसं, तीही गुराढोरांना बाधा होऊ नये म्हणून. ज्या पाण्याला कुणी तोंड लावत नाही ते त्यांनी नीट विचार करून निवडलं होतं आणि ते नेमकं त्या बेडकाचं निघालं.

उत्तर चाचांनी दिलं. "चुकलं काय न्हाय, तात्या. पिणारा तुमास्नी दिसला न्हाय, एवढंच."

माझ्या नकाशात त्या दिवशी वाडीपासून ओढ्यापर्यंतची पायवाट लाल रेघेनं उमटली. तालुक्यात अशा आणखी सात रेघा निघाल्या, सगळ्या चाचांच्या डब्यांतून. त्यावरचा उपायही त्यांचाच. बांधावर पाण्याचं बॅरल ठेवायचं, पंप तिथंच धुवायचा आणि धुतलेलं पाणी त्याच शेतात मारून टाकायचं. पटायला कुणाला वेळ लागला नाही, कारण अर्ध्या तासाचा चढ वाचत होता. शिवाय शेडवर नवा फलक लागला, 'शेतात धुतलेलाच पंप घेतला जाईल.' कुणाच्या जाळीत लाल वाळू निघालीच, तर चाचा पंप तसाच परत करायचे. गिऱ्हाईक चिडलं तर चहा पाजायचे, पण पंपाला हात लावायचे नाहीत. धंद्याला झळ बसली असणार. त्याबद्दल ते माझ्याकडे चकार शब्द बोलले नाहीत, आणि मला त्यांचा अजूनही फार अभिमान वाटतो.

चाचा आता मुरगूडला लेकीकडे असतात. शेडमध्ये मोबाइलचं दुकान आलंय. मला ते आठवतात ते बैठकीनंतरच्या पावसाळ्यातल्या एका उघडिपीच्या सकाळचे. आम्ही पिल्लं मोजायला ओढ्यावर गेलो होतो. तात्या बरोबर आले होते, आणि दमत, थांबत का होईना, चाचाही चढून आले होते. तो बेडूक त्यांनी तोवर कधी पाहिलाच नव्हता.

पण पाण्यापासून चार हातांवर ते थबकले. मी बोलावलं तर दोन्ही हात पाठीमागं बांधून म्हणाले, "हाताला तीस वर्सांचं औषध हाय, लेकी. म्या हितनंच बघतो."

पहिल्या दगडावर काही नव्हतं. दुसऱ्यावर एक पिल्लू होतं, ओल्या दगडाला शेपटीसकट चिकटलेलं. मी एक म्हटलं. पुढच्या दगडावर पाच होती. तात्या गुडघाभर पाण्यात उभे राहून पलीकडची कातळभिंत दाखवत होते, तिथं तर नुसती खच्चून भरली होती. मी मोठ्यानं मोजत गेले. चाळिसाच्या पुढं माझा आकडा चुकला, तेव्हा पुढचे आकडे तात्यांनी म्हटले.

मी मागं वळून बघितलं. चाचा कमरेत वाकून दगडाकडे बघत हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायलासुद्धा त्यांनी हात पुढं आणले नाहीत.