कुलूपबंद घराचा फोटो

नोकरीत चोऱ्या-दरोडे पुष्कळ पाहिले, पण आजही मनातून जात नाही ती एका कानयंत्राची तक्रार. कारण तिच्यात मी स्वतःच नापास झालो होतो.

मी तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. नार्नूरकडच्या खेड्यातून एक बाई आल्या, शाळेत कारकून होत्या. वडिलांसाठी त्यांनी ऑनलाइन कानयंत्र मागवलं होतं, ते नुसतं शिट्टी मारायचं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोबाइलवर परतीची विनंती नोंदवली. मुदत सात दिवसांची होती. कुरिअरवाला फिरकलाच नाही. उलट विक्रेत्या कंपनीने कळवलं, ‘आमचा माणूस तीनदा आला, घराला कुलूप होतं. मुदत संपली.’

“बाबानं विहारात येनं बंद केलं, साहेब. वंदना ऐकू येत नाई म्हनतात. कोनाशी बोलतबी नाई,” असं म्हणून त्यांनी एक पाकीट पुढे ठेवलं.

“बाई, हे पोलिसांचं काम नाही. ग्राहक आयोगाकडे जा,” मी म्हणालो. डायरीत ‘दिवाणी बाब, समज देऊन परत पाठवले’ अशी नोंद केली. पाकीट न उघडताच फायलीत गेलं.

पंधरा दिवसांनी इचोड्याच्या एका धाबेवाल्याने आमच्या हवालदाराला सहज खबर दिली. कुरिअरचा माणूस दुपारभर धाब्यावरच्या बाजेवर बसून खेड्यांच्या फेऱ्या मोबाइलवर ‘घर बंद’ अशी नोंद करूनच उरकतो म्हणे. तेव्हा कुठे मला ते पाकीट आठवलं.

आत कंपनीने पुरावा म्हणून बाईंना पाठवलेला कुलूपबंद घराचा फोटो होता. निळं दार, कुलपावर लाखेचा शिक्का. हवालदार वाकून पाहत म्हणाला, “साहेब, हे तं आपल्या मालखान्याचं दार हाय!”

जप्त माल ठेवायच्या खोलीचं ते दार माझ्या खुर्चीतून रोज दिसायचं.

कुरिअरवाल्याला बोलावलं. चाळिशीचा, बायकापोरांचा माणूस. आधी छातीठोकपणे बोलला, “घर बंद होतं साहेब, म्या काय करू?” मी आवाज चढवला नाही. त्याची खुर्ची मालखान्याकडे तोंड करून ठेवली आणि चहा दिला. अर्धा कप संपायच्या आत त्याची मान खाली गेली.

“तुमच्या लोकाईचं पार्सल द्याले आलतो, तवा काढला फोटो. परतीचा माल आनाले गेलो तं कंपनी काईच देत नाई. वरतून पेट्रोल माहंच.”

खोट्या नोंदींबद्दल गुन्हा दाखल केला. विक्रेत्याचा अधिकारी मात्र मुदतीचं पालुपद सोडेना. यावेळी मी नियम वाचून बसलो होतो. मन बदललं म्हणून वाटेल ती वस्तू परत करण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही, तिथे विक्रेत्याने जाहीर केलेल्या अटी चालतात. पण सदोष वस्तू परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याभरात करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. हे ऐकवल्यावर तिसऱ्या दिवशी नवं यंत्र आलं.

बाई वडिलांना घेऊन ठाण्यात आल्या. वायरलेसची खरखर ऐकून म्हातारा खुदकन हसला. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. मी बाईंची माफी मागितली. म्हणालो, “पुरावा पाकिटातच होता, मी उघडून पाहिलं नाही.”

“म्या तं पाकीट चिकटवलंबी नोतं, साहेब.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. कुरिअरवाला त्यांच्या दारापर्यंत गेलाच नव्हता. त्या मात्र माझ्या दारापर्यंत आल्या होत्या, तरी मी त्यांना परत पाठवलं होतं. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तक्रार मी ती आणणारा माणूस समोर असतानाच वाचली.