तळ्यातला किडा आणि कडुलिंबावरचा भुंगेरा

सणसरला आमच्या उसाशेजारी चुलत दिराचा ऊस. गेल्या साली त्याच्या उसाला हुमणीची अळी लागली. मुळं खाल्लेली, बेट ओढलं की हातात येई. यंदा उन्हाळ्यात त्याला गोठ्यातल्या दिव्याखाली काळे किडे दिसले, आमच्या शेततळ्यातले. तो दारात येऊन ओरडला, "वहिनी, तुमच्या तळ्यातनंच ही हुमणी येती!"

दोन दिवसांनी सकाळी तळ्यावर गेले तर तळ्याचा प्लास्टिकचा कागद विळ्यानं उभा फाडलेला. पाणी जमिनीत मुरलेलं, आम्ही सोडलेले मासे चिखलात तडफडत होते. दिराला विचारलं तर म्हणाला, "व्हय, मीच फाडला. काय करायचं ते करा."

मी रडले नाही. दात आवळून घरी आले.

वळीव झाला त्या संध्याकाळी त्याच्याच बांधावरच्या कडुलिंबावर भुंगेरे घोंगावू लागले. एक बाटलीत धरला. तळ्याच्या तळाशी उरलेल्या डबक्यातून एक काळा किडा दुसऱ्या बाटलीत घेतला. सकाळी दूध घालायला सगळे डेअरीवर जमले होते, दीरही होता. मी बादलीभर पाण्यात दोन्ही सोडले.

काळा चपटा किडा मागच्या केसाळ पायांनी वल्ही मारल्यासारखा सरळ तळाशी गेला. तांबूस भुंगेरा उताणा होऊन नुसते काटेरी पाय झाडत राहिला.

"भाऊजी, हुमणी ह्या तांबड्याची पिल्लं. ह्याचे पाय माती उकरायचे. ह्यो तळ्यात राहील का?"

गावातले म्हातारे तात्या बादलीत वाकून म्हणाले, "आरं, ह्यो तर बुडाय लागला. काळा कुठला, न् तांबडा कुठला! उगं तळं फोडलंस."

"तांबडा भाऊजींच्या कडुलिंबावरचा हाय," मी म्हणाले. "आज दिवस मावळला की त्यांनीच तो कडुलिंब झोडायचा. समद्यांनी बघायला या."

गाव आलं. त्याला नाही म्हणता येईना. तो काठीनं फांद्या झोडत होता, भुंगेरे त्याच्या डोक्यावर, सदऱ्यात पडत होते. वेचायलाही मी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक त्यानंच वाकून उचलला आणि रॉकेलच्या पाण्यात टाकला. मी बांधावर बसून पोटभर बघितलं.

पुढं नवा कागद अंथरायला तो न बोलावता आला. दिवसभर उन्हात राबला. नवरा म्हणाला, "आता राग सोड की."

मी दिराला पाणीसुद्धा विचारलं नाही.