गावकीचा मोठा टोप

चामटोलीत आमच्या गावकीची भांडी आहेत. टोप, पराती, कढया, सगळ्या गावाच्या मालकीची. लग्नकार्याला भाड्यानं जातात. जाताना आणि परत येताना ती देवळाच्या ओट्यावर चारचौघांत मोठ्यानं मोजायची, असा नियम. फक्त मयताच्या घरून आलेली भांडी मोजत नसत. दुःखातल्या माणसाला कोण विचारणार?

त्या वर्षी सर्वांत मोठा टोप हरवला. भांडारघराची किल्ली सांभाळणारे काका सत्तरीचे. त्यांनीच तो शिरगावच्या कुणा केटररला विकला, अशी कुजबुज सुरू झाली. बैठक बोलवा, किल्ली काढून घ्या, असं सगळ्यांत आधी मीच म्हणाले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ही जुनी खोड.

बैठक रविवारी सकाळी होती. निघण्याआधी तांदूळ काढायला माळ्यावर चढले. कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं तर खाली तोच टोप, काठावर गावकीचं नाव कोरलेलं. सासऱ्यांच्या तेराव्याला आणलेला. पोतं फाटलं म्हणून सासूबाईंनी त्यात तांदूळ ओतले होते, आणि मोजायला कुणी आलंच नव्हतं. मी सासूबाईंना हाक मारली.

"आता गप ऱ्हा," सासूबाई म्हणाल्या. "दोन दिसांनी गुपचूप नेऊन ठेवू."

ओट्यावर काका किल्ली घेऊन उभे होते. "मी नाय विकला," एवढंच म्हणत होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बोलणारी मीच. खरं सांगते, गप्प बसावंसं वाटत होतं. पण काकांनी वाकून किल्ली ओट्यावर ठेवली आणि मला स्वतःची लाज वाटली.

"टोप आमच्या माळ्यावर आहे," मी म्हणाले.

काका हळू म्हणाले, "मना वाटलाच होता गो. पन दुखवट्याचे घरात कसा इचारू?"

त्याच बैठकीत ठरलं, यापुढे भांडी कुणाच्याही घरून येवोत, मोजायचीच. किल्ली काकांकडेच राहिली.

गेल्या वर्षी काका गेले. त्यांच्या तेराव्याची भांडी ओट्यावर आली तेव्हा मोजायला मला उभं केलं. पराती झाल्या, कढया झाल्या. मोठा टोप समोर आला आणि माझा आवाज फुटेना. शेवटी त्यांची सून पुढे आली आणि तिनं मोठ्यानं म्हटलं, "टोप, एक."