चिठ्ठी आणि हात

हात वर केला की अक्का तो कोपरात वाकू देत नसत. बांगड्या पार खाली घसरलेल्या, हात ताठ. "मोजा. मोजल्याबिगर खाली घेणार न्हाय." सभेतले लोक हसायचे, चेअरमन घड्याळ बघायचे. ज्याच्यामुळं सभा लांबते असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

तुळजापूरच्या पुढं एका गावात मी तेव्हा शिक्षक होतो. गावच्या सहकारी सोसायटीच्या सभा शाळेच्या व्हरांड्यात भरायच्या, म्हणून मीही तिथं असायचो. अक्का बौद्ध वस्तीतल्या. नवरा लवकर गेला. त्या रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायच्या आणि संध्याकाळी शाळेत रेडिओवरच्या बातम्या ऐकायला यायच्या.

आणीबाणी उठली होती. सरकार बदललं होतं, आणि घटनेची झालेली मोडतोड नीट करायचं चाललंय, असं बातम्यांत येत होतं. अक्कांनी ते तीनतीनदा समजून घेतलं. मग म्हणाल्या, "गुरुजी, एवढ्या मोठ्या देशाची घटना दुरुस्त व्हतीया, तर आमच्या सोसायटीची का न्हाय?"

अक्कांचा हात कुणी मोजत नसे; सोसायटीत मत होतं फक्त जमीनवाल्यांना. पाऊस दोन वर्षं रुसलेला, गावातले सगळे आड कोरडे. पाणी उरलं होतं ते सोसायटीच्या विहिरीत. पण इंजिन आधी चेअरमनच्या आणि बाकी जमीनवाल्यांच्या उसाला चालायचं. ते बंद झालं की वस्तीतल्या बायका खाली उतरून वाटीवाटीनं घागर भरायच्या.

अक्का उस्मानाबादला सहकार खात्याच्या कचेरीत जाऊन बसू लागल्या. शिपाई उठवायचा, त्या दाराच्या दुसऱ्या अंगाला बसायच्या. शेवटी एका साहेबानं मनावर घेतलं. पोटनियम बदलले आणि वस्तीतल्या प्रत्येक घराला मत मिळालं. अक्कांनी त्या दिवशी शाळेतल्या पोरांना गूळ वाटला.

निवडणूक चिठ्ठ्या टाकून झाली, आणि अक्का संचालक म्हणून निवडून आल्या. चेअरमननी पेटी पुन्हा उघडायला लावली, तरी अक्काच.

मग सर्वसाधारण सभा आली. अक्कांनी ठराव मांडला: पाणी आधी माणसांना, मग उसाला. चेअरमन जराही रागावले नाहीत. उभे राहिले, वस्तीतल्या एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "बाजूनं कोण? हात वर करा."

एकच हात वर गेला.

"विरोधात?"

व्हरांडाभर हात. वस्तीतलेही. सगळ्यांची रोजंदारी त्याच उसाच्या मळ्यात होती. अक्कांच्या मागं त्यांचे सख्खे दीर बसले होते. मान खाली घालून त्यांनीही हात वर केला.

"बघ अक्का, लोकशाही हाय," चेअरमन म्हणाले. "तूच आणलीस."

सभा पांगल्यावर दीर पायरीपाशी घुटमळत राहिले. "वैनी, सकाळी त्येंच्याच मळ्यात जायचंय मला."

"तुमाला कुठं काय म्हणतेय म्या, भावजी? जावा घरी."

ते गेल्यावर मला म्हणाल्या, "चिठ्ठीत हीच माणसं माझ्याकडं व्हती. हातात न्हाईत. आता ठरावालाबी चिठ्ठी पायजे."

मला वाटलं, आता त्या थकतील. त्या पुन्हा उस्मानाबादला जायला लागल्या.

त्या उन्हाळ्यात दिरांची धाकटी मुलगी घागर घेऊन विहिरीत उतरताना घसरली. खाली पाणी असतं तर कदाचित वाचली असती. तळाला नुसता खडक होता. तिसऱ्या दिवशी दीर मळ्यात कामावर गेले. वस्तीतल्या कुणीतरी त्यांना नावं ठेवली, तेव्हा अक्का कडाडल्या. "उरलेली दोन लेकरं तू सांभाळतोस का?" त्यानंतर बातम्यांच्या वेळी त्या येऊन बसत, पण काही विचारत नसत.

प्यायलाही पाणी उरलं नाही, तशी एकेक करून वस्तीतली घरं सोलापूरकडं वीटभट्ट्यांवर निघाली. दीर गेले. सगळ्यांत शेवटी अक्का. तुळजापूरच्या स्टँडवर त्या मला दिसल्या, भाविकांच्या गर्दीत गाठोड्यावर बसलेल्या.

"साहेब म्हणालाय, चिठ्ठीची दुरुस्ती व्हणार. सभा लागली की निरोप धाडा गुरुजी. आमी समदे येतो."

"कुठं धाडू?"

कोणत्या भट्टीवर काम मिळेल, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात गाडी लागली.

पुढच्या वर्षी दुरुस्ती आली. कुणाही सभासदानं मागितलं तर ठरावावर गुप्त मतदान घ्यायचं, असा नियम सभेपुढं वाचला गेला. कुणाचाही विरोध नव्हता. चेअरमननीच अनुमोदन दिलं. वस्तीतलं एकही माणूस हजर नव्हतं. "आता आपली सोसायटी खरी लोकांची झाली," असं कुणीतरी बोललं, टाळ्या झाल्या, चहा आला.

मी चहा न घेताच निघालो आणि पाय आपसूक वस्तीकडं वळले. घराघरापुढं जनावरं शिरू नयेत म्हणून बाभळीच्या काटेरी फांद्या लावलेल्या होत्या. अक्कांच्या दारातली फांदी वाऱ्यानं बाजूला पडली होती. मी ती उचलून पुन्हा दाराला लावली. बोटात काटा गेला.