अस्तर-अक्का आणि पस्तीस पाऊच

कुणाचीही पर्स हाताला लागली की आमच्या अक्का आधी ती उघडायच्या आणि आतलं अस्तर ओढून बाहेर काढायच्या. पर्स कुणाची, आत काय आहे, कसला विचारच नाही. एका लग्नात त्यांनी चक्क वरमाईच्या पर्सचं पोट बाहेर काढलं, तेव्हा तिच्या गोळ्या, रुमाल, कंगवा सगळं सतरंजीवर. अक्का अस्तराला बोट लावून म्हणतात कशा, "वरून जरी आन् आतून मच्छरदाणी! फसवलं की हो तुमाला." गल्लीत त्यांचं नावच अस्तर-अक्का पडलं होतं, आणि त्यांना ते आवडायचंसुद्धा.

अक्कांच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या मशिनवर बसत. येताना पिशवीभर कतरण घेऊन यायच्या. निम्म्या सोलापूरच्या शाळांचे चौकडे त्या पिशवीत सापडायचे. त्या तुकड्यांचे त्या चेनचे छोटे पाऊच शिवत, पण गणवेशाचं जाडंभरडं कापड बाहेर आणि ब्लाउजपिसाचं रेशमी कापड आत! मी एकदा शहाणपणा केला, "अक्का, उलट करा ना, रेशीम बाहेर दिसू दे." तर म्हणाल्या, "भाईरून कोण बघतंय गं? रोज उघडणार तू. तुज्या डोळ्याला बरं नको व्हय?"

मी अकलूजहून नुकतीच लग्न होऊन आलेली. दुपारी वेळ जाता जात नसे, म्हणून अक्कांची सुट्टी असली की त्यांच्याकडे शिवण शिकायला जायची. अक्का कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या. शिवण वाकडी गेली की टिपा उसवायला लावायच्या, तेही हसत हसत, म्हणजे आणखीच राग यायचा. पण पाऊच उलटायची वेळ आली की त्यांचा चेहरा बदलायचा. अस्तराच्या तळाला चार बोटं जागा न शिवता सोडलेली असते, तिच्यातून सगळा पाऊच ओढून सुलटा करायचा. अक्का मशिन थांबवायच्या, मलाही थांबवायच्या. चिंध्यांच्या गोळ्यातून नीटस पाऊच बाहेर आला की टाळी वाजवायच्या. हजारो शिवले असतील बाईंनी, तरी दर वेळी टाळी!

माझी पहिली संक्रांत आली. सासूबाई दर वर्षी हळदीकुंकवाला स्टीलची वाटी लुटायच्या. मी तोऱ्यात जाहीर केलं, यंदा वाण मी शिवणार, पस्तीस पाऊच. सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बघ बाई, तुजं तू. चार बायकांत हसं करू नको म्हंजे झालं." झालं, मला चेवच चढला. त्यात अक्का नेमक्या भाचीच्या लग्नाला हैदराबादला गेलेल्या. जाताना बजावून गेल्या होत्या, "एक पुरा कर, मग दुसरा धर." पण ऐकू तर आम्ही कसल्या! मी ठरवलं, आधी सगळे शिवून घेऊ, मग सगळे एकदम उलटू. कारखान्यात नाही का करत?

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी पस्तीसावा शिवून झाला. पहिला उलटायला घेतला, तर पाऊच अस्तराच्या पलीकडे येईचना. मग डोक्यात उजेड पडला. चारी बाजू शिवण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवायची असते, नाहीतर पाऊच बाहेर यायला वाटच राहत नाही. आणि मी, टापटिपीची राणी, पस्तीसच्या पस्तीस चेना नीट बंद करून शिवल्या होत्या! स्वयंपाकघरात सासूबाई तिळगुळाचे लाडू वळत होत्या आणि मी आतल्या खोलीत चिंध्यांच्या ढिगात बसून रडत होते.

अक्का त्याच सकाळी परतल्या होत्या. मी निरोप धाडला, तशा प्रवासाच्या साडीतच आल्या. ढीग पाहिला आणि पोट धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग एक पाऊच उचलला, अस्तराच्या फटीतून दोन बोटं घातली, नखानं चेनचा रनर मागून ढकलला. चेन उघडली. पाऊच सुटला.

मी म्हटलं, "अक्का, लवकर बसू या, संध्याकाळपर्यंत पस्तीस होतील."

"कशाला? ज्याचा त्यानं उलटू दे की. मजा तुज्या एकटीलाच पायजे व्हय गं?"

"अहो, आई काय म्हणतील?"

"त्यांना पयला दे."

आणि खरंच दिला त्यांनी. बायका जमल्या होत्या, हळदीकुंकू झालं होतं, आणि अक्कांनी सासूबाईंच्या हातात तो ओबडधोबड गोळा ठेवला. अक्कांनी सांगितलं तशी सासूबाईंनी फटीत बोटं घातली, खटपट केली, कपाळाला आठ्या पडल्या, आणि फटकन पाऊच बाहेर आला. जांभळ्या चौकड्याचा, आत केशरी रेशीम. "अग्गोबाई!" सासूबाई ओरडल्या. एवढं मोठ्यानं त्या कधी बोलत नसत.

मग काय विचारता! वाण घेऊन पाच मिनिटांत पळणाऱ्या बायका भिंतीला टेकून बसल्या. हायस्कूलच्या मॅडमनी डोक्यातली पिन काढून रनर ढकलला. "माजा हिरवा!" "माज्यात बुट्टे हायत!" नुसता कल्ला. अक्का सुयांत दोरे ओवून देत होत्या आणि फटी शिवून घेत होत्या, आणि प्रत्येकीला टाळी. घरात शेवटची बाई उठेस्तोवर लाडू दोनदा आणावे लागले.

मागच्या श्रावणात अक्का गेल्या. मशिनवरून उठल्या, पाणी प्यायल्या आणि बसल्या, त्या बसल्याच. मी फार रडले. अजूनही दुपारी त्यांच्या दाराकडे पाय वळतात.

यंदाच्या संक्रांतीला मी पुन्हा पस्तीस शिवले, आणि प्रत्येकाची चेन आठवणीनं बंद केली. गल्लीत नव्यानं आलेल्या सुनेनं वाण हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि माझ्या कानाशी लागली, "वहिनी, हे उलटंच राहिलंय वाटतं."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे सरकल्या. "राह्यलेलं न्हाय गं. आमच्यात उलटंच द्यायची पद्धत हाय. बस हितं, दावते तुला."